उपदेशकाची १२ आठवड्यांची अभ्यासवही: वही घ्या, ॲप नका घेऊ

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. वही चांगली आहे, कागद तर फारच चांगला आहे, आतला मूळ मजकूर म्हणजे बायबलमधलं उपदेशक हे पुस्तक, त्याला मी काय तारे देणार, पण त्या मजकुराभोवती या लोकांनी जे प्रश्न, टिपा, ॲप आणि स्टिकर्स लावलेत त्यातलं निम्मं काढून टाकलं असतं तर वही आणखी हलकी झाली असती. पाचपैकी साडेतीन. आता सविस्तर.

मी अकाउंट्समध्ये काम करते. चर्चला जाणारी आहे पण दर रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्यातली नाही. ही वही मागवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी मला जे प्रमोशन हवं होतं ते मिळालं, आणि मिळाल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात एक दिवस लिफ्टमध्ये उभी असताना माझ्या लक्षात आलं की मी आता पुढच्या प्रमोशनचा हिशेब मांडतेय. म्हणजे पेढे अजून संपायचे होते आणि माझं डोकं पुढच्या पायरीवर. मैत्रिणीला बोलले तर ती म्हणाली, अगं उपदेशक वाच, तुझ्यासारख्यांसाठीच लिहिलंय. मी लहानपणी वाचलं होतं पण तेव्हा त्यातलं फक्त 'व्यर्थ व्यर्थ' एवढंच आठवत होतं आणि वाटायचं की हे कुणीतरी कंटाळलेल्या आजोबांनी लिहिलंय.

तर वस्तूबद्दल. डाव्या पानावर मजकूर, उजवं पान कोरं, फिकट रेघांचं. उपदेशकात १२ अध्याय आणि २२२ वचनं आहेत, तेव्हा एका आठवड्याला एक अध्याय असा बेत आहे, आणि हा बेत बरोबर आहे, कारण अख्खं पुस्तक सलग वाचलं तर तासाभराच्या आत संपतं आणि मग हाताला काहीच लागत नाही. अक्षर मोठं आहे. शाईचं पेन पलीकडे उमटत नाही, हे मी मुद्दाम तपासलं कारण बायबलचा कागद म्हणजे कांद्याच्या सालीसारखा, हायलायटर लावला की मागचं पान गेलंच. बांधणी शिवलेली आहे, उघडून टेबलावर ठेवली तर सपाट पडते, मध्ये चमचा ठेवावा लागत नाही. खुणेची फीत मात्र पंधरा दिवसांत टोकाला सुटायला लागली, मी मेणबत्तीवर धरून टोक जरा वितळवलं, आता ठीक आहे.

ॲपबद्दल एकदाच चिडते आणि सोडून देते. वहीच्या मागे क्यूआर कोड आहे, तो स्कॅन केला की ऑडिओ मिळतो आणि सोबत फुकटात मिळते ती स्ट्रीक. रोज वाचलं की ज्योत पेटते, सात दिवस झाले की बॅज, महिना झाला की मोठा बॅज, शिवाय बाकीचे वाचणारे किती पुढे आहेत त्याची यादी. माणसाने दुसऱ्याच्या पुढे जाण्यासाठी केलेली सगळी धडपड म्हणजे वारा पकडणं आहे असं सांगणाऱ्या पुस्तकाला लीडरबोर्ड! चौथ्या अध्यायात वचनच आहे की मी पाहिलं, सगळे कष्ट आणि सगळं कसब हे शेजाऱ्याच्या हेव्यातून येतं, आणि मी बरोबर ते वाचत असताना वर नोटिफिकेशन आलं, 'तुमची ९ दिवसांची स्ट्रीक धोक्यात आहे'. मी हसले आणि ॲप काढून टाकलं. खोटं कशाला बोलू, काढायच्या आधी यादीत माझा नंबर कितवा आहे ते बघितलं होतं.

आता आतलं. पहिला आठवडा टिपांमुळे खरंच वसूल झाला. 'व्यर्थ' हा जो शब्द आपण वाचतो तो मुळात हिब्रूत 'हेवेल' आहे आणि त्याचा साधा अर्थ श्वास, वाफ. थंडीत तोंडातून निघते तसली. पुस्तकात तो ३८ वेळा येतो. आणि उत्पत्तीच्या पुस्तकात ज्या धाकट्या भावाला थोरला मारून टाकतो, आपला हाबेल, त्याचं हिब्रू नावही हेच. म्हणजे चांगलं वागलेला, देवाने ज्याचं अर्पण मान्य केलं असा मुलगा आणि आयुष्य वाफेएवढं. हे कळल्यावर 'सर्व काही व्यर्थ' हे वाक्य मला वेगळंच ऐकू यायला लागलं. आपल्या मराठीत व्यर्थ म्हणजे फुकट गेलेलं, टाकाऊ. पण वाफ टाकाऊ नसते ना, ती दिसते, खरी असते, गरम लागते, फक्त मुठीत धरता येत नाही. उपदेशकाची तक्रार आयुष्य घाण आहे अशी नाहीये. ते हातात राहत नाही अशी आहे.

तशीच दुसरी जागा, 'वारा पकडणं'. जुन्या मराठी भाषांतरात तिथे 'वायफळ उद्योग' असं आहे, जे ऐकायला झकास वाटतं. पण टीप सांगते की त्यातल्या हिब्रू शब्दाचं नातं गुरं राखण्याच्या शब्दाशी लावता येतं, म्हणजे वारा राखणं, वाऱ्याला हाकत गोठ्यात आणणं. मी डोळ्यांपुढे आणून बघितलं, एक माणूस काठी घेऊन माळावर उभा आहे आणि वाऱ्याला हाळी घालतोय, आणि संध्याकाळी मोजणार आहे किती परत आले. महिनाअखेरीला आमच्या डिपार्टमेंटमध्ये साधारण हेच चित्र असतं.

पण मला जो शब्द खरा लागला तो टिपांमध्ये फक्त एका ओळीत उरकलाय आणि हा माझा या वहीवरचा मोठा राग आहे. पहिल्या अध्यायाचं तिसरं वचन, माणूस एवढे कष्ट करतो त्यातून त्याला लाभ काय. हा 'लाभ' म्हणजे हिब्रूत 'यित्रोन', आणि हा शब्द अख्ख्या हिब्रू बायबलात फक्त याच पुस्तकात येतो, १० वेळा. मूळ धातू उरण्याचा आहे. सगळं वजा जाता जे उरतं ते. अहो म्हणजे शिल्लक! आमच्या धंद्यातला शब्द! नुसता फायदा नाही, शिल्लक. जमा इतकी, खर्च इतका, खाली रेघ मारली, आता शिल्लक काय ते दाखव. मला हे कळल्यापासून मी कोऱ्या पानावर जिथे जिथे लाभ आलं तिथे पेन्सिलीने शिल्लक लिहिलं आणि पुस्तक धडाधड उघडायला लागलं. तो म्हणत नाहीये की काम करू नका, मजा करू नका, शिकू नका. तो म्हणतोय मी सगळी खाती तपासली, शहाणपणाचं, चैनीचं, बांधकामाचं, पैशाचं, आणि मरण नावाची एक एंट्री अशी आहे की ती टाकली की प्रत्येक खात्याची शिल्लक शून्यावर येते. शहाण्याची पण आणि मूर्खाची पण. ऑडिटरच आहे हा माणूस.

दुसरा अध्याय मी दोन आठवडे वाचला. यात उपदेशक, जो स्वतःला राजा म्हणवतो, सांगतो मी काय काय केलं. घरं बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, झाडांना पाणी द्यायला तलाव खोदले, दासदासी, गुरं, सोनं-रुपं, गाणारे, गाणाऱ्या. यादी वाचताना एक गंमत लक्षात येते की सगळीकडे 'मी माझ्यासाठी', 'मी माझ्यासाठी' असं येत राहतं. आणि तो अपयशी माणूस नाही बरं का. हेच म्हणणं नोकरी गेलेल्या माणसाने मांडलं असतं तर आपण म्हटलं असतं कोल्ह्याला द्राक्षं आंबट. याला तर मळेच्या मळे मिळाले होते. तो म्हणतो काम करताना मला आनंद झाला, आणि तेवढाच माझा वाटा होता. मग मागे वळून बघितलं आणि शिल्लक काही नाही.

त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो की मला माझ्या कष्टांचाच तिटकारा आला, कारण हे सगळं मागून येणाऱ्यासाठी सोडून जायचंय, आणि तो शहाणा निघेल की मूर्ख कोण जाणे. हे वाचलं आणि मी वही मिटली.

माझी एक एक्सेल फाइल होती. सहा वर्षं बनवलेली. सुरुवातीला दोन शीट होत्या, शेवटी एकतीस झाल्या, प्रत्येक रंगाला अर्थ होता, पिवळा म्हणजे मी तपासलंय, नारिंगी म्हणजे बँकेशी जुळत नाहीये पण का ते मला माहितीये. लोक सुट्टीच्या दिवशी फोन करून विचारायचे त्या फाइलबद्दल आणि मला बरं वाटायचं, खरं सांगते, वैतागल्याचं नाटक करायचे पण बरं वाटायचं. प्रमोशननंतर ती फाइल माझ्या जागी आलेल्या मुलाकडे गेली. हुशार मुलगा आहे, वागायला चांगला. नवव्या दिवशी त्याने मेल केला की मॅडम नवीन सिस्टिममध्ये हे सगळं आपोआप होतं तर जुनी फाइल आर्काइव्हला टाकू का. त्याचं बरोबर होतं. मी 'हो चालेल' लिहिलं आणि वॉशरूममध्ये जाऊन पाच मिनिटं उभी राहिले. एकतीस शीट. आता या अध्यायाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

इथे वहीने एक फार मोठी संधी घालवलीये. टिपांमध्ये ठामपणे लिहिलंय की हे पुस्तक शलमोन राजाने लिहिलं. बरं, परंपरा तशी आहे, मान्य. पुस्तकात शलमोन हे नाव मात्र कुठेच नाही, 'दावीदाचा पुत्र, यरुशलेमातला राजा' एवढंच आहे. आणि आतल्या हिब्रूत दोन शब्द फारसी वळणाचे आहेत, दुसऱ्या अध्यायात बागांसाठी आलेला 'पर्देस' आणि आठव्यात न्यायनिवाड्यासाठी आलेला 'पित्गाम', त्यामुळे बरेच अभ्यासक म्हणतात की हे शलमोनाच्या कितीतरी शतकं नंतर, यहूद्यांना बाबेलला पकडून नेलं होतं त्या बंदिवासानंतर, कुणीतरी शलमोनाच्या तोंडी घालून लिहिलंय. पुस्तकाचं हिब्रू नाव 'कोहेलेथ', सभा जमवणारा किंवा सभेत बोलणारा. एवढी एक टीप टाकायला काय हरकत होती, वाचणाऱ्याचा विश्वास काही वाफ नाहीये की एका टिपेने उडून जाईल.

आणि समजा शलमोनच धरला, तर मग नीट तरी धरा ना! राजांच्या पहिल्या पुस्तकात सरळ लिहिलंय की देवाचं मंदिर बांधायला त्याला ७ वर्षं लागली आणि स्वतःचा वाडा बांधायला १३. आणि मागून येणारा शहाणा की मूर्ख, कोण जाणे, याचं उत्तर तर त्याच पुस्तकाच्या १२व्या अध्यायात आहे. मुलगा रहबाम गादीवर आला, लोक म्हणाले तुझ्या बापाने लादलेलं जू जरा हलकं कर, म्हाताऱ्या मंत्र्यांनी सांगितलं ऐक त्यांचं, हा ऐकला बरोबरीच्या पोरांचं, त्यांनी शिकवलं की सांग, माझी करंगळी बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे, आणि याने खरंच जू आणखी जड करीन असं ठणकावलं. इस्राएलाच्या १२ पैकी १० वंश उठून गेले. एवढं उभं केलेलं साम्राज्य एका बैठकीत. माझी फाइल निदान आर्काइव्हला तरी आहे. हा संदर्भ वहीत कुठेच नाही, मी स्वतः शोधून उजव्या पानावर लिहिला.

तिसरा अध्याय सगळ्यांना माहीत असतो, प्रत्येक गोष्टीला वेळ असते, जन्मायची वेळ, मरायची वेळ, लावायची, उपटायची, अशा १४ जोड्या. ऑडिओत हा अध्याय वाचणाऱ्या गृहस्थांनी तो लग्नाच्या स्टेजवरून वाचल्यासारखा वाचलाय, मागे बासरी. बासरी नको होती. ही कविता गोड नाहीये, यातली एकही वेळ आपण ठरवत नाही हा तिचा मुद्दा आहे. त्यानंतर लगेच ११वं वचन येतं, की देवाने सगळं आपापल्या वेळी सुंदर केलं, आणि माणसाच्या मनात अनंतकाळ घातला, तरी देवाने काय केलंय ते आदीपासून अंतापर्यंत माणसाला कळत नाही. म्हणजे आपल्या आत एक अशी भूक ठेवलीये जी पोटाच्या मापाची नाही. लिफ्टमध्ये मला जे झालं ते हेच असावं. मी समजत होते मी हावरट आहे. थोडी आहेही. पण पगाराने भरायची जी जागा नाही तिथे मी पगार कोंबत होते.

चौथ्याबद्दल वर बोलले. त्यातलं ते एक मूठभर शांतीने मिळालेलं बरं, दोन ओंजळी कष्टाने आणि वाऱ्यामागे धावून मिळवण्यापेक्षा, हे मी डेस्कवर चिकटवायचा विचार केला होता, मग वाटलं बॉस काय म्हणेल, आणि मग वाटलं की हा विचार मनात येणं हाच पुरावा. त्याच्या आधीचं वचन मात्र विसरू नका, मूर्ख हात जोडून बसतो आणि स्वतःचंच मांस खातो. आळसाला इथे मोकळीक नाहीये. ज्यांना वाटतं उपदेशक म्हणजे नोकरी सोडून डोंगरावर जायचं तिकीट, त्यांनी हे दोन्ही शेजारी शेजारी वाचावं. आणि मग तो एकटा माणूस, ना मुलगा ना भाऊ, तरी राबतोय, डोळ्यांना संपत्ती पुरत नाही, आणि त्याने स्वतःला कधी विचारलंच नाही की मी हे कोणासाठी करतोय. लगेच खाली, एकापेक्षा दोघे बरे, आणि तीन पेडांची दोरी सहज तुटत नाही. लग्नाच्या पत्रिकेवर छापतात ते हेच. मूळ जागा मात्र कामाची आहे, राबणाऱ्याच्या एकटेपणाची.

प्रश्नांबद्दल. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी सहा प्रश्न आहेत आणि त्यातले चार टाकाऊ. 'या अध्यायातून तुमच्या करिअरसाठी तीन पावलं लिहा.' 'तुमच्या ध्येयांना देवाच्या योजनेशी कसं जोडाल?' अहो, सातव्या अध्यायात तो म्हणतोय की मेजवानीच्या घरी जाण्यापेक्षा सुतकाच्या घरी गेलेलं बरं, कारण सगळ्यांचा शेवट तोच आणि जिवंत माणसाने तो मनावर घ्यावा. याची तीन पावलं काय लिहू? ज्याने हे प्रश्न काढले त्याने बहुतेक आधी एखादं यशाचं पुस्तक काढलं असावं आणि उरलेले प्रश्न इथे टाकले असावेत. मी चौथ्या आठवड्यापासून प्रश्न सोडवणं बंद केलं आणि नुसती कोऱ्या पानावर वचनं हाताने उतरवून काढायला लागले. हा उपाय सगळ्यांना सांगेन. हाताने लिहिताना माणूस हळू होतो, आणि हे पुस्तक हळूच वाचायचं आहे.

पाचवा अध्याय पैशावर आहे, पैशावर प्रेम करणाऱ्याला पैसा कधी पुरत नाही, माल वाढला की खाणारे वाढतात, मजुराची झोप गोड, थोडं खाल्लं काय नि जास्त खाल्लं काय, आणि श्रीमंताची भरलेली कोठी त्याला झोपू देत नाही. यावर मला काही जोडायचं नाही, क्लोजिंगच्या आठवड्यात मी किती झोपते ते मला माहितीये. सहा ते आठ मी थोडं भराभरा केलं.

नववा मात्र थांबून. जिवंत कुत्रा मेलेल्या सिंहापेक्षा बरा, हे त्यातलंच. आणि तेच ते वचन की शर्यत वेगवानाला मिळतेच असं नाही, लढाई बलवानाला नाही, भाकर शहाण्याला नाही, कारण वेळ आणि प्रसंग सगळ्यांनाच गाठतात. पण त्याच्या आधी तो म्हणतो, जा, आनंदाने आपली भाकर खा, हर्षाने द्राक्षारस पी, कपडे शुभ्र असू दे, डोक्याला तेल असू दे, आवडत्या बायकोबरोबर दिवस सुखात घालव, आणि हाताला जे काम येईल ते जीव लावून कर. हे वाचून मी आधी गोंधळले, कारण हाच माणूस आत्ता म्हणत होता सगळं वाफ. मग शिल्लकवाली पेन्सिल आठवली. जोवर मी जेवणातून, कामातून, नवऱ्याबरोबरच्या संध्याकाळीतून शिल्लक काढायला बघते तोवर ते सगळं निसटतं. शिल्लक काढायचं सोडलं की तेच ताट भरलेलं दिसतं. पुस्तकात अशा जागा सात तरी आहेत आणि बहुतेक ठिकाणी तो म्हणतो हे देवाचं देणं आहे. मिळवलेलं नाही, दिलेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर कमाईच्या खात्यात टाकलेली एंट्री चुकीच्या खात्यात होती, ती उलटवून देणगीच्या खात्यात टाकायची. आकडा तोच राहतो.

अजून एक गोष्ट जी वहीत नाही पण असायला हवी. इस्राएलाशी करार करणाऱ्या देवाचं जे खास नाव, चार अक्षरांचं, ते या पुस्तकात एकदाही येत नाही. देव हा साधा शब्द ४० वेळा येतो. आणि 'भूतलावर' असं जे आपण वाचतो ते हिब्रूत 'सूर्याखाली' आहे, २९ वेळा. म्हणजे हा माणूस मुद्दाम सूर्याच्या खालीच उभा राहून हिशेब करतोय. मग खालून वर बघितल्यावर जे दिसतं तेवढंच तो लिहितो, आणि प्रामाणिकपणे लिहितो.

बाराव्या अध्यायाच्या टिपा फार छान आहेत, हे कबूल करायला हवं. तारुण्यात आपल्या निर्माणकर्त्याला आठव, असं म्हणून तो म्हातारपणाचं वर्णन करतो, पण घराच्या रूपकात. घराचे राखणदार कापतात म्हणजे हात, दळणाऱ्या थोड्या उरल्या म्हणून थांबतात म्हणजे दात, खिडक्यांतून बघणाऱ्या अंधुक होतात म्हणजे डोळे, बदाम फुलतो म्हणजे केस पांढरे. वहीत हे सगळं घराच्या रेखाचित्रावर बाण काढून दाखवलंय. माझ्या सासूबाईंना मी ते चित्र दाखवलं, त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, दळणाऱ्या माझ्या चारच उरल्यात.

शेवटचा निष्कर्ष, देवाचं भय धर आणि त्याच्या आज्ञा पाळ, हेच माणसाचं सर्वस्व, कारण देव प्रत्येक गोष्टीचा, अगदी झाकलेल्या गोष्टीचाही, न्याय करणार. म्हणजे ऑडिट शेवटी होणारच आहे, फक्त ते मी करायचं नाहीये. माझी सगळी धडपड स्वतःच स्वतःची ऑडिटर होण्याची होती. हे मला समजायला बारा आठवडे लागले, खरं तर चौदा.

यानंतर एक जोडपुरवणी आहे नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाची, आठ पानांची. आठ पानं फारच कमी आहेत. लूकच्या १२व्या अध्यायातली ती श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट घेतलीये, पीक एवढं आलं की कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि जिवाला म्हणतो आता आराम कर, आणि त्याच रात्री देव म्हणतो, मूर्खा, आज तुझा जीव मागून घेतला जाईल. येशूने ही गोष्ट कधी सांगितली तर एक जण म्हणाला गुरुजी, माझ्या भावाला सांगा वाटणी करायला. तिथे 'मागणं' याला जो ग्रीक शब्द आहे तो दिलेलं परत मागण्यासाठी वापरतात, उसनं परत मागतात तसं. म्हणजे जीवच उसना होता आणि गडी त्याच्यावर कोठारं बांधत होता! हे टिपेत आहे, आणि त्यासाठी मी त्यांना प्रश्नांचे चार तारे माफ केले.

रोमकरांच्या पत्रात येशूचा प्रेषित पौल लिहितो की सृष्टी व्यर्थतेच्या अधीन झाली, आणि तिथे तो जो ग्रीक शब्द वापरतो तोच हिब्रू बायबलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'हेवेल'साठी वापरलाय. म्हणजे पौल उपदेशकाला खोडून काढत नाही, तो म्हणतो बरोबर बघितलंस, पण लगेच पुढे आशेने असं जोडतो. आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय, पुनरुत्थानावरचा, ५८ वचनांचा, त्याचं शेवटचं वचन काय आहे? प्रभूमध्ये तुमचे कष्ट व्यर्थ नाहीत. मरणाची एंट्रीच जर उलटवली गेली तर शिल्लक शून्य होत नाही. एवढा सरळ धागा, आणि यांनी करिंथकर घेतलंच नाही! मी पुरवणीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

कोणी घ्यावी? ज्यांना हवं ते मिळालंय आणि तरी चैन नाही, त्यांनी. बायबल पहिल्यांदा हातात घेणाऱ्याने इथून सुरू करू नये असं लोक म्हणतात, मला उलट वाटतं, माझ्या टीममधला एक जण अजिबात चर्चचा नाही, त्याने जेवणाच्या सुट्टीत दुसरा अध्याय वाचला आणि म्हणाला हा माणूस आपल्या ऑफिसात होता का. कोणी घेऊ नये? ज्याचं मन सध्या खूप खचलंय, सकाळी उठवत नाही, त्याने एकट्याने ही वही घेऊन बसू नये, पहिले दोन अध्याय जड जातात, कुणालातरी सोबत घ्यावं आणि डॉक्टरकडेही जावं. वहीत अशी सूचना नाही, असायला हवी.

विक्रेत्याबद्दल, माझ्या प्रतीत दहाव्या आठवड्याचं एक पान दोनदा आलं होतं आणि एक गायब, मी लिहिल्यावर त्यांनी चार दिवसांत गहाळ पानाचा फोटो पाठवला, दुसरी प्रत पाठवायला मात्र तयार नव्हते. मी छापून चिकटवलं. ते नेमकं मेलेल्या माशीने अत्तराला वास येतो हे वचन असलेलं पान होतं.

सोबत आलेलं स्टिकरचं पान, सोनेरी तारे आणि 'शाब्बास' लिहिलेले अंगठे, अख्खंच्या अख्खं माझ्याकडे पडून आहे, कुणाला मुलांसाठी हवं असेल तर सांगा.